भारंबे सरांचं शून्य

मे महिन्यात, डोक्याला ओला पंचा गुंडाळून आणि हातात काचेचं मोजपात्र घेऊन, रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायला अंगणात उतरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आभाळात ढगाचा ठिपका नसायचा. अंगणातली माती पायाला चटका देत असायची. सर पर्जन्यमापकाचं झाकण काढायचे, आतली बाटली बाहेर घ्यायचे, ती उलटी करून मोजपात्रात रिकामी करायचे, म्हणजे काहीच ओतायचे नाहीत, पात्र डोळ्यांच्या पातळीला धरायचे, आणि कानामागची पेन्सिल काढून वहीत शून्य लिहायचे.

घरातून त्यांच्या पत्नीचा, अक्कांचा, आवाज यायचा. "पाऊस मोजून झाला असेल तर चहा घ्या म्हना सरायले. तो बी आटू राह्यला."

मी यावलच्या कॉलेजात भूगोलाचा नवा प्राध्यापक म्हणून रुजू झालो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. भारंबे सर माझे विभागप्रमुख. विभागात आम्ही दोघंच, त्यामुळे ते प्रमुख आणि मी विभाग, असं ते म्हणायचे. त्यांचं घर सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गाव संपून केळीचे मळे सुरू होतात तिथे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सकाळी बोलावून ते शून्य लिहिताना दाखवलं. मी धुळ्याचा. कोरड्या गावचा माणूस. मी म्हणालो, "सर, पाऊस नसेल त्या दिवशी जागा रिकामी सोडली तरी कळतंच की."

त्यांनी चष्मा वर केला. "कसं कळतं? शून्य म्हणजे मी पाहिलं आणि पाऊस नव्हता. रिकामी जागा म्हणजे मी पाहिलंच नाही. तीस वर्षांनी वही उघडणाऱ्याला हे दोन वेगळे कळायला नको?"

तीस वर्षं हा त्यांचा लाडका शब्द. एखाद्या जागेचं हवामान कसं आहे हे ठरवायचं तर किमान तीस वर्षांच्या नोंदी हव्यात, असं शास्त्र मानतं. एका वर्षी पूर येतो, एका वर्षी दुष्काळ पडतो. त्यावरून जागेबद्दल बोलणं म्हणजे एखाद्याला एकदा शिंकताना पाहून तो आजारी आहे असं म्हणणं, असं सर सांगत. त्यांनी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी अंगणात पर्जन्यमापक पुरला होता. शेजारी लाकडी झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत तापमापक. मी आलो तेव्हा सव्विसावं वर्ष चालू होतं. तिसावं संपेल त्याच वर्षी ते निवृत्त होणार होते. हा योग त्यांना फार आवडायचा.

त्यांचा प्रश्न एकच होता. आपलं अंगण कोरडं की ओलं?

हे वाचायला सोपं वाटतं, पण तसं नाही. जगाच्या हवामानाचे पाच मोठे गट पाडणारी एक जुनी पद्धत आहे. आम्ही भूगोलवाले ती पहिल्या वर्षाला शिकवतो. बारा महिन्यांचं तापमान आणि बारा महिन्यांचा पाऊस, एवढ्यावर सगळी पृथ्वी वाटून टाकायची. विषुववृत्ताजवळचं दमट रान एका गटात, ध्रुवावरचा बर्फ दुसऱ्यात. ती पद्धत घालून देणाऱ्या शास्त्रज्ञाला सर 'जर्मन आबा' म्हणत, जणू तो फैजपूरला त्यांच्या चुलत्याच्या शेजारी राहत होता. "आबा मूळचा झाडांचा माणूस," ते वर्गात सांगत. "त्याच्याकडे उपग्रह नव्हता. त्याने झाडांना साक्षीला बोलावलं. झाडं जिथे बदलतात, तिथे हवामान बदलतं. मग त्या जागेचे आकडे शोधले आणि रेषा ओढल्या."

त्यातली कोरड्या प्रदेशाची रेषा सरांना वेड लावणारी होती, कारण ती खानदेशातून कुठून तरी जाते. नियम असा. वर्षाच्या सरासरी तापमानाला वीसने गुणायचं. पाऊस बहुतेक सगळा उन्हाळी सहामाहीत, एप्रिल ते सप्टेंबरात, पडत असेल, म्हणजे आपल्याकडे पडतो तसा, तर त्यात दोनशे ऐंशी मिळवायचे. जो आकडा येईल तितके मिलिमीटर पाऊस वर्षाला पडला पाहिजे. त्याहून कमी पडला तर प्रदेश कोरडा, गवताळ; निम्म्याहूनही कमी तर वाळवंट. ऊन जास्त तर पाणी उडून जास्त जातं, म्हणून पाऊसही जास्त लागतो. एवढंच त्यामागचं तर्कशास्त्र.

"म्हणजे नुसता पाऊस विचारायचा नाही," सर म्हणत. "पाऊस किती आणि तहान किती, दोन्ही विचारायचं."

धुळं या हिशोबात सरळ कोरड्यात बसतं. त्यावरून सर माझी रोज थट्टा करत. मी डब्यात भाकरी आणली की म्हणत, "सोनवणे, हे गवताळ प्रदेशाचं जेवण." मी जरा रागावलो की म्हणत, "बाष्पीभवन सुरू झालं." सरांचं अंगण मात्र सातपुड्याच्या पायथ्याशी, नेमकं रेषेच्या आसपास. एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. छापील नकाशांतही एकमत नव्हतं.

"यावल तालुक्याचं मी सांगत नाही," ते कुणालाही बजावत. "माझ्या अंगणाचं सांगतो. तेवढंच मी पाहिलंय."

माणसांनाही ते त्याच मापाने मोजत. आमचे प्राचार्य उष्ण वाळवंट, दिवसा तापतात आणि संध्याकाळी लगेच निवतात. ग्रंथपाल टुंड्रा, वर्षात दोन महिने वितळतात तेव्हा पुस्तकं मागून घ्यावीत. अक्का भूमध्य सागरी. "म्हणजे?" मी विचारलं. "उन्हाळाभर कोरड्या. दिवाळीनंतर मुलगी सासरी परत निघाली की पाऊस."

"आन् हे सोता कोन?" अक्का आतून म्हणाल्या. "सोताचं काही सांगत नाहीत हे."

"मी निरीक्षक आहे. निरीक्षकाला हवामान नसतं."

"असतं ना. कुंद हवा. दिवसभर."

मी एकदा विचारलं, "आणि मी, सर?"

त्यांनी माझ्याकडे खरोखर विचार करत पाहिलं. "तुम्हाला येऊन दोन वर्षं झाली. तीस झाल्याशिवाय नाही सांगणार."

दरवर्षी डिसेंबरात ते दुसऱ्या वर्षाच्या मुलांना 'रेषा पाहायला' न्यायचे. यावलहून एसटीने निघायचं, डोंगराच्या पायथ्याशी उतरायचं आणि वर चालत जायचं. कंडक्टर त्यांना ओळखायचा. तो मध्येच बस हळू झाली की मागे वळून विचारायचा, "सर, हद्द आली का? घंटी मारू?" मुलं हसायची. सर गंभीरपणे खिडकीबाहेर पाहून म्हणायचे, "अजून नाही. केळी चालू आहे."

एकदा वरणगावहून येणाऱ्या एका मुलीने उतरल्यावर त्यांना धरलं. "सर, तुम्ही आपल्या भागाला कोरडा म्हणता. इथं तर नजर जाईल तिथं हिरवं आहे."

"केळीला विचारू नको," सर म्हणाले. "ती विहिरीचं पाणी पिऊन बोलते. ठिबकची नळी बंद कर आणि मग विचार." मग ते आम्हाला चढावर घेऊन गेले. कापूस संपला, बोरी-बाभळी संपल्या, आणि खडकातून उभे राहिलेले अंजनाचे वृक्ष लागले. सरांनी एका खोडावर हात ठेवला. "याला कुणी पाणी घालत नाही. जे वरून पडलं त्यावर उभा आहे. याची साक्ष धरायची."

पुढे सालई आली, मग साग दाट झाला. मुलीने पुन्हा विचारलं, "मग रेषा कुठे गेली, सर? नकाशात तर केवढी ठळक आहे."

"ती पेनाची जाडी आहे, बेटा. इथे रेषा काही कोस रुंद आहे आणि ती दरवर्षी सरकते. आपण सकाळपासून तिच्यातूनच चाललोय."

मुलं खाली बसून डबे खाऊ लागली. सर एकटेच त्या अंजनाखाली उभे राहिले. त्यांना त्या झाडाचा हेवा वाटत असावा असं मला तेव्हा वाटलं. खोटं बोलता न येणारी साक्ष.

प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासताना ते खोटे आकडे चटकन पकडत. मुलं तापमापकाकडे न जाताच कॅन्टीनमध्ये बसून तक्ता भरत, आणि सर लाल पेनाने गोल काढत. मी त्यांना खूण विचारली. "मनाने लिहिलेला आकडा शून्यावर नाहीतर पाचावर संपतो," ते म्हणाले. "माणसाचं मन गोल गोष्टीकडे जातं. खरा पाऊस असा नीट थांबत नाही." मी ते लक्षात ठेवलं. कशासाठी उपयोगी पडेल हे तेव्हा माहीत नव्हतं.

तिसाव्या वर्षी, सप्टेंबरात, सरांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ते पावसाळा संपेपर्यंत थांबायला तयार होते. डॉक्टर तयार नव्हते. दोघं नवरा-बायको दहा दिवस जळगावला मुलीकडे राहणार होते. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला अंगणाच्या फाटकाची किल्ली दिली आणि वही दिली. इतक्या वर्षांत ते आजारी पडले तर नोंद अक्का घेत. घराबाहेरच्या माणसाच्या हातात वही पहिल्यांदाच जात होती.

"साडेआठ," ते म्हणाले. "पाणी पात्रात वाकडं दिसतं, मध्ये खोलगट. खालची कड वाचायची, वरची नाही. आणि सोनवणे, काही कारणाने चुकलंच, तर चुकलं म्हणून लिहा. बाटलीत असेल ते दुसऱ्या दिवशी एकत्र मोजा आणि 'दोन दिवसांचं' असा शेरा मारा. बिघडत नाही काही."

बिघडत नाही, हे त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

पहिले चार दिवस मी वेळेवर गेलो. त्या दिवाळीनंतर माझं लग्न होतं, आणि होणारी बायको धुळ्याची. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी नोंद घेऊन मी दुपारच्या बसने धुळ्याला गेलो. रात्री परतायचं आणि शनिवारी साडेआठला फाटक उघडायचं असं मनाशी होतं. संध्याकाळी पाऊस लागला. आई म्हणाली, "इतला पाऊस शे, आज जाऊ नको." मला तेवढंच हवं होतं. शनिवारी बस चालू होत्या. रविवारीही चालू होत्या. तिला भेटायचं होतं, तिच्या घरी जेवायला बोलावलं होतं, पाऊस पडत होता, आणि यावलचं ते अंगण फार लांब वाटत होतं. सोमवारी दुपारी मी परत आलो. शनिवार, रविवार, सोमवार, तीन सकाळी मी नव्हतो.

फाटक उघडलं. बाटली चांगली भरली होती. ती मोजली असती तरी काम झालं असतं. तीन दिवसांचं एकत्र, असा शेरा. पण मला घाई होती, लाज वाटत होती, हात ओले होते. बाटली वर काढताना ती नरसाळ्याच्या कडेला अडकली आणि आडवी झाली. सगळं पाणी गवतात गेलं. मी ते जाताना पाहत उभा राहिलो. गवत आधीच ओलं होतं, त्यामुळे पाणी कुठे गेलं ते कळलंही नाही.

मग मी ओट्यावर बसून वही उघडली आणि तीन आकडे लिहिले. धुळ्यात तीन दिवस जसा पाऊस झाला होता त्या अंदाजाने. सर नेहमी म्हणत की पावसाला रस्त्याची एक बाजू भिजवून दुसरी सोडता येते, आणि मी साठ-सत्तर मैलांवरच्या माझ्या आईच्या अंगणातला पाऊस त्यांच्या वहीत ओतला. अडतीस पूर्णांक चार. एक्केचाळीस पूर्णांक सात. सोळा पूर्णांक दोन. एकही आकडा शून्यावर किंवा पाचावर संपू दिला नाही. त्यांनी मला जे शिकवलं होतं ते वापरून मी त्यांना फसवलं. शेऱ्याच्या रकान्यात 'आकाश ढगाळ' असंही लिहिलं. त्याची गरज नव्हती.

सर परत आले तेव्हा एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. दुसरा डोळा वहीजवळ नेऊन त्यांनी माझ्या दहा ओळी वाचल्या आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुमचं."

वर्ष संपलं. जानेवारीत त्यांनी तीस वर्षांची बेरीज केली, आठ दिवस, तीनदा. मला बोलावून कागद दाखवला. पाऊस रेषेच्या वर होता. दोन मिलिमीटर आणि थोडासा. तीस वर्षं, रोज सकाळी, आणि उत्तर बोटाच्या पेराहूनही कमी अंतराने लागलं होतं. अंगण कोरडं नव्हतं, रेषेच्या ओल्या बाजूच्या सॅव्हाना गटात होतं.

"अक्का," त्यांनी हाक मारली, "आपण सॅव्हानात राहतो."

"मंग काय करू?" अक्का म्हणाल्या. "सिंह येतीन का?"

मी घरी जाऊन भागाकार केला. माझ्या तीन ओळींचे शहाण्णव मिलिमीटर. भागिले तीस. तीन मिलिमीटरहून थोडे जास्त. त्या तीन ओळींखेरीज अंगण कोरडं होत होतं.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. फेब्रुवारीत धुळ्याला भूगोलाच्या प्राध्यापकांचं एक संमेलन होतं, तिथे सरांनी आपल्या अंगणावर पंधरा मिनिटांचं भाषण केलं. नवीन इस्त्रीचा शर्ट, हातात पट्टी, मागे हाताने काढलेला आलेख. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग हवामान खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "शेवटच्या वर्षीच्या सप्टेंबरातले हे तीन दिवस. आसपासच्या केंद्रांवर त्या दिवसांत एवढा पाऊस दिसत नाही. त्या नोंदींची खात्री आहे का आपल्याला?"

मी तिसऱ्या रांगेत होतो. सरांनी वही उघडलीही नाही.

"त्या दिवसांत मी इस्पितळात होतो," ते म्हणाले. "नोंदी माझे सहकारी सोनवणे यांनी घेतल्या. ते इथेच बसले आहेत. माझ्या नोंदींची मला जितकी खात्री आहे तितकीच त्यांच्या नोंदींची आहे. पाऊस असा कुठेही पडतो, साहेब."

गृहस्थ मान डोलावून बसले. दोन-चार माणसांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी किंचित हसलो, मोठेपणा मिळाल्यावर माणूस हसतो तसा. ते हसू मला अजून आठवतं, आणि मी कुठे असलो तरी मान खाली जाते.

त्यानंतर सरांनी मोजणं थांबवलं. उत्तर मिळालं होतं, आणि दुसऱ्या डोळ्याला काचबिंदू निघाला होता. "खालची कड दिसेना," ते म्हणाले. "चुकीचं वाचण्यापेक्षा न वाचलेलं बरं." पर्जन्यमापक त्यांनी धुऊन, पुसून माळ्यावर ठेवला. मी पुढे जळगावच्या कॉलेजात गेलो. दिवाळीला जात राहिलो. अक्का दरवेळी शेव-चिवडा पुढे करत, सर दरवेळी माझ्या बायकोला विचारत, "दोघंही कोरड्या प्रदेशातले, पटतं का तुमचं?" मी दरवेळी सांगायचं ठरवून जायचो आणि चिवडा खाऊन परत यायचो. अशी सतरा वर्षं गेली.

गेल्या वर्षाच्या आधीच्या हिवाळ्यात सरांचा फोन आला. जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या नोंदींची पुस्तिका छापायचं ठरवलं होतं. "प्रस्तावना तुम्ही लिहायची," ते म्हणाले. "माझ्याशिवाय आणि अक्कांशिवाय त्या वहीत तुमचंच अक्षर आहे."

दोन दिवसांनी मी यावलला निघालो. भुसावळ सोडून बस तापीच्या पुलावर आली. मागे दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर सरळ वर जात होता. वारा नव्हता. त्या धुराकडे पाहत मी पहिलं वाक्य ठरवत होतो, आणि पोचेपर्यंत ते विसरलो.

सर ओट्यावर उन्हात बसले होते. पंचाहत्तरी ओलांडलेली. काचबिंदूने आता दोन्ही डोळे घेतले होते; चेहरा पाहून नाही, आवाजावरून माणूस ओळखत. मी चप्पल काढली आणि उभ्यानेच सांगून टाकलं. धुळं, शनिवार, रविवार, बाटली, गवत, तीन आकडे. अक्का चहा घेऊन दारात आल्या होत्या, तिथेच थांबल्या.

मग सरांनी जे विचारलं त्याची माझी तयारी नव्हती.

"बाटली कुठपर्यंत भरली होती?"

"सर?"

"सांडली तेव्हा. गळ्यापर्यंत होती की खाली? बाहेरच्या डब्यात पाणी होतं का? आठवा. बाटलीचं माप मला माहीत आहे. गळ्यापर्यंत असेल तर हिशोब लावता येईल."

ते पुढे वाकले होते. सतरा वर्षांपूर्वी सांडलेलं पाणी ते गवतातून परत गोळा करू पाहत होते. मला एक शब्द पुरेसा होता. गळ्यापर्यंत, सर. तेवढं म्हटलं असतं तर कदाचित उत्तर वाचलं असतं, आणि त्यांना ते वाचायला हवं होतं. हे त्यांच्या वाकण्यात मला दिसत होतं. शब्द माझ्या जिभेवर आला होता.

"आठवत नाही, सर," मी म्हणालो. "भरलेली होती. कुठपर्यंत ते मी पाहिलं नाही."

ते मागे टेकले. "मग रिकामं," ते म्हणाले.

अक्कांनी कपाटातून वही आणली. सरांनी मला ते पान काढायला लावलं, तिन्ही आकड्यांवर माझ्याच हाताने एकेक आडवी रेघ मारायला लावली, खालचं वाचता येईल अशी, आणि समोर लिहायला लावलं की या तीन दिवसांची नोंद घेतली गेली नाही. खाली सही. मी 'आकाश ढगाळ'वरही रेघ मारली.

"मग आता अंगण कुठं गेलं?" अक्कांनी विचारलं. "कोरड्यात का?"

"तीन दिवस शून्य धरले तर कोरड्यात. पण ते शून्य नव्हते. पाऊस होता." सरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "माहीत नाही."

माझा चहा थंड झाला होता. तो मी प्यालो. निघताना फाटकापर्यंत ते माझ्याबरोबर आले, एका हाताने भिंत चाचपत. तिथे म्हणाले, "धुळ्याला त्या माणसाने बरोबर विचारलं होतं." थोड्या वेळाने म्हणाले, "मी त्याला उत्तर देताना वही उघडायला हवी होती." माझ्याबद्दल एक शब्द नाही. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

पुस्तिका निघाली. प्रस्तावनेत मी सगळं लिहिलं. शेवटच्या पानावर, जिथे उत्तर असायला हवं, तिथे सरांनी छापायला लावलं की उपलब्ध नोंदींवरून निर्णय देता येत नाही. विद्यार्थी कुरकुरले. "सर, उत्तरच नाही तर पुस्तिका कशाला?" सर म्हणाले, "आकडे आहेत ना. उत्तर पुढच्याने काढावं."

आणि त्यांनी माळ्यावरचा पर्जन्यमापक खाली काढायला लावला. तो पुन्हा पुरायला मीच गेलो. पहारीने खड्डा खणताना अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "आता तीस वर्षं थांबता का?" त्यांनी सरांना विचारलं.

"मी कशाला थांबू? वही थांबेल."

रोजची नोंद अक्का घेऊ लागल्या. त्या मोठ्याने आकडा सांगत, सर जाड पेन्सिलने, बोटभर अक्षरात लिहीत. रविवारी शक्य झालं की मी जळगावहून पहिल्या बसने जात असे. मग त्या दिवशीची नोंद माझी. हे कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या रविवारी अक्कांनी मोजपात्र माझ्या हातात दिलं आणि त्या भाकरी टाकायला आत गेल्या.

सर गेले त्याच्या आधीचा मे महिना. रविवार होता. सकाळीच झळा लागत होत्या. सर ओट्यावर पंचा बांधून बसले होते, मांडीवर वही. मी फाटक लावून येईपर्यंत त्यांनी विचारलं, "सोनवणे, तुम्हाला येऊन किती वर्षं झाली हो?"

मी मनात मोजलं. "तेवीस, सर."

"मग सात राहिली," ते म्हणाले.

साडेआठ वाजले. मी झाकण काढलं, बाटली वर घेतली. या खेपेला दोन्ही हातांनी. ती मोजपात्रावर उलटी धरली. आत एक वाळलेली मुंगी होती, ती काचेवर पडली. पात्र डोळ्यांच्या पातळीला नेलं. पलीकडे सरांचा चेहरा दिसत होता, माझ्या दिशेने वळलेला, पण नजर जरा बाजूला, अंगणाच्या उजेडाकडे. त्यांना पात्र दिसत नव्हतं, बाटली दिसत नव्हती, मी खरंच पाहतोय की नाही तेही दिसत नव्हतं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"शून्य, सर."

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, डाव्या बोटाने रकाना चाचपला आणि शून्य लिहिलं. पुन्हा विचारलं नाही.